सवाल टाकणारा उभाच राहतो

सुनावणीच्या दिवशी सकाळी धम्मानंदानं दाढी केली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि लेकीशी एक शब्द न बोलता चहा घेतला. नंदिनी समोरच बसली होती. तिच्या पुढ्यात पोह्यांची एक ताटली, त्याच्या पुढ्यात दुसरी. गोपिकानं त्या ठेवल्या तेव्हाच धम्मानंदाच्या आईनं, भीमाबाईंनी, तोंड भिंतीकडं फिरवलं.

बापलेकीनं एकाच ताटलीत पोहे खायचे आणि वरची तर्री कुणी जास्त ओतून घेतली यावरून भांडायचं, हा या घरचा सकाळचा कार्यक्रम. नंदिनी आर्किटेक्ट झाली, स्वतःच्या गाडीनं ऑफिसला जाऊ लागली, तरी तो कधी चुकला नव्हता. मग कवेलू मैदानावर शहराचं नवं संगीतगृह बांधायचं ठरलं, त्याचे नकाशे काढायचं काम नंदिनीच्याच ऑफिसला मिळालं, आणि घरात ताटल्या दोन झाल्या. गोपिकाला नवरा आणि लेक दोघांचाही राग येई, पण राग काढायला ताटल्यांशिवाय काही हाताशी नव्हतं. त्या आदळल्या की घराला कळायचं.

कवेलू मैदान म्हणजे धंतोलीच्या दवाखान्यांच्या मागं, नाल्याच्या अलीकडं उरलेला मोकळा तुकडा. कधीकाळी तिथं कवेलूची, म्हणजे छपराच्या कौलांची, भट्टी होती. छप्पन साली धम्मानंदाच्या बापानं, धोंडबानं, दीक्षा घेतली, आणि वस्तीतली पहिली गायन पार्टी काढली ती त्याच पडक्या भट्टीच्या ओट्यावर. एक पेटी, एक ढोलकी, एक दिमडी आणि मागं धरणारे चारदोन गळे. धोंडबा गेला आणि पार्टी मुलाकडं आली. धम्मानंदाची एसटीतली नोकरी संपली, पण पार्टी काही संपली नाही. जयंतीच्या आठवड्यात अजूनही मैदान भरतं. बाया चटया घेऊन येतात, लेकरं मांडीवर झोपतात, म्हाताऱ्यांना तिकीट विचारायला कुणी दारात उभं नसतं.

आता तिथं हॉल होणार म्हटल्यावर शहरात जो तो तज्ज्ञ झाला. एवढ्या मोठ्या नागपुरात गाणं नीट ऐकायला जागा नाही, असं गाण्याचे शौकीन म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. धंतोलीच्या डॉक्टरांना पार्किंगची आणि आवाजाची धास्ती. कुणाला हॉलला आपल्याच माणसाचं नाव पाहिजे होतं. पेपरात रोज पत्रं. आणि वस्तीचं एवढंच म्हणणं की आमचं मैदान आम्हाला राहू द्या. ते म्हणणं हॉलच्या समितीपुढं सुनावणीत मांडायला वस्तीनं धम्मानंदाला पुढं केलं. दुसरं कुणाला करणार?

त्यानं आधी घरातच विचारलं. जेवायच्या टेबलावर नकाशाचा छापील कागद पसरला आणि म्हणाला, या नकाशात आमचा मंच कुठं आहे, दाखव. नंदिनीनं पाण्याचा घोट घेतला. त्यानं परत विचारलं. ती ताटाकडं पाहत राहिली. तिसऱ्यांदा विचारल्यावरही ती बोलली नाही, तेव्हा त्यानं कागदाची घडी घातली.

"हारली," तो म्हणाला, आणि उठला.

दुसऱ्या कुठल्या घरात पोरगी गप्प बसली असती, तर बापानं म्हटलं असतं, दमली असेल. या घरात गप्प बसण्याचा एकच अर्थ होतो. मुकाबल्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एक गाण्यातून सवाल टाकते, दुसरीनं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. जिला उत्तर येत नाही ती गप्प बसते, आणि जी गप्प बसली ती हरली. धम्मानंदाचं सगळं आयुष्य या हिशोबात गेलेलं. लेक तोंड उघडत नाही, म्हणजे नकाशात वस्तीसाठी काही नाही, आणि हे ठाऊक असूनही ती त्या लोकांसाठी रेघा ओढते आहे. त्याला तेवढंच समजलं आणि तेवढंच लागलं.

नंदिनीकडं उत्तर होतं. तेच तर दुखणं होतं.

तिनं पहिल्याच आराखड्यात मंचामागची भिंत काढून टाकली होती. भिंतीच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत सरकता दरवाजा. एरवी बंद, मंचाचं तोंड आत खुर्च्यांकडं. पण दरवाजा सरकवला की तोच मंच उरलेल्या मैदानाकडं उघडतो. चटया टाका, बसा, तिकीट नाही, काही नाही. तिच्या वरच्या भैरवी मॅडमना तो दरवाजा आवडला होता. पण आगीच्या सुरक्षेचं खातं काय म्हणेल याची त्यांना खात्री नव्हती, आणि लोकांपुढं एकदा कबूल केलं की मागं घेता येत नाही. त्यांनी दरवाजा नकाशातून काढला आणि नंदिनीला बजावलं की आधी हॉल मंजूर होऊ दे, तोवर दरवाज्याचं नाव कुणापुढं काढायचं नाही, घरीसुद्धा नाही. तसं चुकीचं काही नव्हतं त्यांच्या बोलण्यात.

पण दरवाज्याशिवाय मंजूर झालेल्या हॉलला मग दरवाजा लावून कोण देणार होतं? आणि वस्तीनं हॉलच हाणून पाडला तर दरवाजाही गेलाच. नंदिनीला दोन्हीकडून आपली हार दिसत होती, आणि वर बापानं ती आधीच जाहीर करून टाकलेली. रोज सकाळी ती त्या वेगळ्या ताटलीतले पोहे अर्धे टाकून ऑफिसला निघे.

तिनं हे एकाच माणसाला सांगितलं होतं. दीप्ती आत्याला.

दीप्ती धम्मानंदाची धाकटी बहीण. धंतोलीतल्या एका दवाखान्यात वॉर्डाची मुख्य सिस्टर. सावनेर-उमरेडकडून आलेले पेशंट, त्यांचे नातेवाईक, डबे, रडारड, सगळं तिच्या अंगावर. जयंतीच्या आठवड्यात मैदानावरचे भोंगे तिच्या वॉर्डापर्यंत ऐकू येत, आणि दर वर्षी ती भावाला फोन करून झापत असे. हॉल होणार कळलं तेव्हा ती प्रथमच भावाच्या बाजूला गेली, कारण मैदानाचे आठ दिवस परवडले, हॉलची वर्षभराची गर्दी कोण सोसेल. तिचा मुलगा विक्की मात्र हॉलच्या बाजूनं. त्याचा मंडप-साऊंडचा धंदा. वर्षानुवर्षं वायरी ओढून कंटाळलेला तो, नव्या हॉलच्या कन्सोलवर बसायची स्वप्नं पाहत होता. मामानं त्याच्याशी बोलणं टाकलं. दीप्तीनंही टाकलं, पण ती त्याची आई, म्हणजे जेवायला वाढताना बोलायची.

मग एका दुपारी नंदिनी दवाखान्याच्या कँटीनमध्ये आली आणि समोश्याचा कागद उलटा करून तिनं आत्याला दरवाजा काढून दाखवला. हॉलची इमारत दवाखाने आणि मैदान यांच्या मध्ये उभी राहील. मंच मैदानाकडं उघडला की भोंग्यांची तोंडं नाल्याकडं, आणि पाठीशी अख्खी इमारत. आवाज वॉर्डाकडं येणारच नाही. दीप्ती त्या कागदाकडं पाहत राहिली. मग नंदिनीनं तिच्याकडून वचन घेतलं की बाबांना यातलं काही सांगायचं नाही. दीप्तीनं दिलं, आणि लगेच पस्तावली. त्या दिवसापासून ती मनानं दुसऱ्या पक्षात गेली होती आणि तोंडानं पहिल्याच पक्षात होती. असं राहायची सवय नसलेल्या माणसाला ते फार जड जातं.

तर त्या सकाळी दीप्ती आणि विक्की गाडी घेऊन आले ते भीमाबाईंना सुनावणीला न्यायला. सुनावणीतले माईक विक्कीचेच होते. तो खालीच थांबला, मामासमोर यायची त्याची हिंमत नव्हती. नंदिनी तयारी करायला खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. धम्मानंद आरशासमोर उभा राहून आपलं भाषण पुटपुटत होता. भाषण कडक होतं. त्यात शहरानं वस्तीला काय काय नाकारलं ते सगळं होतं, आणि शेवटी, आपल्याच घरातली लेकरं शिकून परक्याच्या बाजूला जाऊन बसतात, असं एक वाक्य होतं. दीप्तीनं ते ऐकलं.

वचन मोडता येत नव्हतं. ती आईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिला पातळाच्या निऱ्या नीट करून देऊ लागली.

"आई, बाबा तुले मुकाबल्यात सवाल कसे टाकायचे वं?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

भीमाबाईंना हा विषय म्हणजे मेजवानीच. धोंडबा आणि त्या एका पार्टीतले नव्हतेच मुळी. त्या उमरेडच्या पार्टीत गायच्या, तो नागपूरच्या. पहिल्या मुकाबल्यात त्यानं असा सवाल टाकला की सगळ्या मंडपापुढं त्यांचं तोंड बंद झालं. त्या रडल्या होत्या, आणि तो हरलेल्या बाईकडं पाहून जिंकल्याचा आनंद विसरला होता, असं त्यांचं म्हणणं. खरंखोटं कोण तपासणार.

"मंग पुढच्या वर्षापासून ते मले तेच विचारत ज्याचं उत्तर मले येते," भीमाबाई म्हणाल्या. "लोकं म्हणत, धोंडबा भल्ला कठीण सवाल टाकते. कठीण कायचा? माझ्या गळ्यात अडकून राहिलं असे, त्यालेच ते वाट काढून देत. मंडपाले वाटे आम्ही भांडून राहिलो."

"अन् सवाल टाकून बसून जायचे?"

"बसते कसे? सवाल टाकणारा उभाच राहते. उत्तर आलं, पटलं, का मंग सोताच्या हातानं पाणी नेऊन देते उत्तर देणाऱ्याले. मंग बसते. तुह्या बाबानं मले पाणी आणून दिलं, तवाच माझ्या मायनं ओळखलं." त्या हसल्या, आणि उगाच पदर सारखा केला.

आरशासमोरचं पुटपुटणं थांबलं होतं. धम्मानंदानं मागं वळून बहिणीकडं पाहिलं. ही बाई कामाशिवाय तोंड उघडत नाही, आणि आज सुनावणीला उशीर होत असताना हिला बापाचे मुकाबले आठवले?

"काहून विचारलं वं तू हे?"

"अशीच," दीप्ती म्हणाली, आणि आईच्या चपला शोधू लागली. चपला समोरच होत्या.

धम्मानंदानं लोटलेल्या दाराकडं पाहिलं. मुकाबल्यातला मुरलेला माणूस तो. समोरच्याला उत्तर येत नाही आणि समोरच्याचं तोंड बांधलेलं आहे, यातला फरक मंडपात त्याला शेवटच्या रांगेतून कळला असता. घरात, जेवायच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर बसून कळला नव्हता. त्यानं भाषणाचा कागद खिशात घातला. पण सुनावणीला जाताना गाडीत आईशेजारी बसून तो भाषण पुटपुटत नव्हता, हे विक्कीनं आरशातून पाहिलं आणि तो घाबरला. मामा गप्प बसला म्हणजे काय समजायचं, हे त्यालाही घरच्याच शाळेत शिकवलेलं होतं.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. मार्चमध्येच कूलर लावावे लागले होते, आणि त्यांची घरघर माईकात शिरू नये म्हणून विक्की कोपऱ्यात आपल्या मिक्सरशी झटत होता. समोर समितीची माणसं, मधोमध अध्यक्ष रुपराव भोयर, निवृत्त अधिकारी, शांत, आणि बहुतेक अशा पुष्कळ सुनावण्या पचवलेले. एका बाजूला भैरवी मॅडमचं ऑफिस, त्यात दुसऱ्या रांगेत नंदिनी. दुसऱ्या बाजूला वस्ती, पांढऱ्या कपड्यांत, आणि त्यांच्या पुढं पहिल्या खुर्चीत भीमाबाई. आजी एका बाजूला, नात समोरच्या बाजूला. आपण मुकाबल्यालाच आलो आहोत असं भीमाबाईंना वाटत होतं, आणि त्यांनी तसं शेजारच्या बाईला सांगितलंही.

बोलणाऱ्यांनी थोडक्यात बोलायचं, बोलून झालं की जागेवर बसायचं, असं रुपरावांनी आधीच सांगितलं. डॉक्टर बोलले, पार्किंगवर आणि पेशंटांच्या झोपेवर, आणि ते बोलले ते खरंच होतं. एक वयस्क गृहस्थ बोलले की चांगलं गाणं ऐकायला दुसऱ्या शहरात जावं लागतं, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांच्या आवाजात एवढी कळकळ होती की वस्तीतल्या बायांनीही च् च् केलं. एकानं हॉलच्या कँटीनमध्ये पोहे मिळणार का असं विचारलं आणि हशा पिकवला. मग धम्मानंदाचं नाव पुकारलं गेलं.

वस्ती सरसावून बसली. नंदिनीनं हातातलं पेन घट्ट धरलं. आज बाबा सगळ्यांपुढं आपल्याला परकी ठरवणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती तसं ऐकायला मनाची तयारी करूनच आली होती, आणि तयारी अजिबात झालेली नव्हती.

धम्मानंद माईकपाशी आला. त्यानं आधी जय भीम केला. मग त्यानं भिंतीवर लावलेला मोठा नकाशा निरखला; आपल्या लेकीनं काढलेला मंच वस्तीकडं पाठ करून बसेल, हे त्याला आता पटेना.

"मी भाषण आणलं होतं," तो म्हणाला. "ते राहू द्या. माझा एकच सवाल आहे. या नकाशात मंचाची पाठ आमच्या मैदानाकडं आहे. त्या मंचाले वळता येते का?"

वस्तीत कुजबुज झाली. हे काय विचारतोय हा? कुणाला तरी वाटलं, धम्मानंद फुटला. नंदिनीच्या हातातलं पेन खाली पडलं.

रुपराव म्हणाले की प्रश्न चांगला आहे, नोंदवून घेतला, आता बसा. धम्मानंद बसला नाही. रुपरावांनी पुन्हा हातानं खुर्ची दाखवली.

"साहेब, आमच्या पार्टीत सवाल टाकणारा उभाच राहते. उत्तर आलं का बसतो. तुम्ही पुढच्या माणसाले बोलवा, मी कडेले होतो."

आणि तो खरंच दोन पावलं बाजूला सरकून उभा राहिला. पुढचा माणूस माईकपाशी आला, पण शेजारी धम्मानंद हाताची घडी घालून उभा. त्याला बोलणं सुचेना, तो परत जाऊन बसला. वस्तीतले लोक हसले. रुपरावांनी चष्मा काढून पुसला. भैरवी मॅडम उठल्या आणि नम्रपणे म्हणाल्या की या तांत्रिक गोष्टी आहेत, सगळ्याचा पुढच्या टप्प्यावर विचार होईल.

"मॅडम, तुमचा मान आहे," धम्मानंद म्हणाला. "पण ज्यानं रेघ ओढली त्याच्या तोंडून पाहिजे."

तेव्हा कुठं नंदिनीनं वर पाहिलं. बाप तिच्याकडंच पाहत होता. घरी टेबलावर पाहिलं होतं तसं नाही. तिनं मान वळवून आत्याला शोधलं. दीप्ती आत्या छताच्या पंख्याकडं अशी काही निरखून पाहत होती की जणू तो दुरुस्त करायला तिलाच बोलावलं आहे. नंदिनीला सगळं कळलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. मॅडमनी स्पष्ट बजावलं होतं. आता उठलं तर उद्या ऑफिसात खुर्ची असेल की नाही सांगता येत नव्हतं. नाही उठलं तर बाप तसाच उभा राहणार होता. तो राहिला असता, संध्याकाळपर्यंत, दिवे बंद करून सगळे गेले तरी.

ती उठली. मॅडमकडं न पाहता माईकपाशी गेली.

"वळतो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. विक्कीनं कोपऱ्यातून हळूच तिचा माईक वर घेतला. "मंच वळतो. मागची भिंत भिंत नाही. तिथं दरवाजा आहे."

मग ती बोलत गेली. नकाशावर हात ठेवून तिनं दाखवलं की दरवाजा कुठं सरकतो, चटया कुठं पडतात, म्हाताऱ्यांना येताना पायरी कशी लागत नाही. हॉलमध्ये गाणं चालू असताना दरवाजा बंद, त्या गृहस्थांचं गाणं त्यांना शांततेत ऐकू येईल. जयंतीला दरवाजा उघडा, मैदान वस्तीचं. बोलता बोलता ती ऑफिसातली मराठी विसरली आणि घरच्या बोलीवर आली, तिला कळलंसुद्धा नाही. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं प्रामाणिकपणे हेही सांगितलं की हा दरवाजा आज लावलेल्या नकाशात नाही, आधीच्या नकाशात होता.

डॉक्टर उठले आणि म्हणाले, मग आवाजाचं काय, उघड्या मंचाचा आवाज सरळ आमच्याकडं येईल.

"येणार नाही, सर." ही दीप्ती होती. ती कधी उठून उभी राहिली ते तिलाच कळलं नव्हतं. "मी वॉर्डात आहे, मले माहीत आहे आवाज कुठून येते. आज मैदान अन् वॉर्ड यांच्यात काहीच नाही. उद्या मध्ये हॉल उभा राहील, अन् भोंगे नाल्याकडं."

डॉक्टरांना ते अजून पटत नव्हतं. विक्कीनं माईक ओढला आणि कबुली दिली की भोंग्यांची वायर आखूड आहे म्हणून आजवर ते धंतोलीकडं तोंड करूनच लागत आले, त्यात मामाचा काही दोष नाही. डॉक्टर हसलेच. इतक्या वर्षांचा गुन्हेगार असा आपणहून सापडेल असं त्यांना वाटलं नसावं.

आगीच्या खात्याचे जे साहेब समितीवर होते ते आतापर्यंत डुलक्या घेत असल्यासारखे बसले होते. त्यांनी नकाशा जवळ मागवला, बोटानं मंचामागची रेघ चाचपली, आणि म्हणाले की मागच्या बाजूनं एवढं रुंद दार असेल तर लोकांना बाहेर काढायला सोयीचंच आहे, आमच्याकडं विचारलं असतं तर आम्ही आधीच सांगितलं असतं. त्यांनी हे इतक्या साध्या सुरात सांगितलं की भैरवी मॅडमना हसावं की रडावं कळेना. मग त्या उभ्या राहिल्या.

"दरवाजा मी नकाशातून काढायला लावला होता," त्या म्हणाल्या. "यांनी नाही. आता परत घालून देते." आणि नंदिनीकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या लवकर ये. काम वाढवलंस." म्हणजे उद्या ऑफिसात खुर्ची होती.

रुपरावांनी समितीतल्या दोघातिघांशी कानाला लागून बोलणं केलं. मग त्यांनी सांगितलं की हॉलची शिफारस होईल, पण दरवाज्यासकट होईल, आणि दरवाजा वगळून होणार नाही. नावाचा वाद पुढच्या सुनावणीत. एवढं बोलून त्यांनी धम्मानंदाकडं पाहिलं आणि विचारलं, आता तरी बसाल का.

"एक मिनिट, साहेब."

सभागृहाच्या दाराशी पाण्याचा माठ होता. धम्मानंद सावकाश तिकडं गेला. माठावरचा स्टीलचा गिलास त्यानं आधी विसळला, मग काठोकाठ भरला, आणि दोन्ही हातांत धरून सगळ्या सभागृहातून चालत आला. गिलास भरलेला, म्हणून त्याला जपून चालावं लागत होतं. ऑफिसच्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्या आईसाठी नेत असेल. समितीच्या टेबलावर बाटल्या असताना हा माणूस माठाकडं का गेला, हेही त्यांना समजलं नाही. वस्तीला मात्र पहिल्याच पावलाला समजलं. मागच्या रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. मग सगळी वस्ती उभी राहिली. भीमाबाई बसूनच होत्या, पण त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि तिथंच ठेवला.

धम्मानंद नंदिनीसमोर आला.

"उत्तर पटलं," तो म्हणाला, आणि गिलास पुढं केला. मग फक्त तिला ऐकू जाईल असं, "मी तुले हारली म्हटलं होतं. मले चांगलं ऐकू नाही आलं वं, माय."

नंदिनीनं गिलास घेतला आणि ती पाणी प्यायला लागली. माठाचं पाणी गार होतं. अर्धा गिलास पिऊन तिनं तो परत केला, आणि उरलेलं अर्धं तो उभ्या उभ्या प्याला, सकाळी पोह्यांच्या ताटलीत तिची उरलेली तर्री संपवायचा तसं. टाळ्या वाजत होत्या. विक्कीनं सगळे माईक बंद केले तरी त्या वाजतच राहिल्या.

मग धम्मानंदानं तिच्या शेजारची खुर्ची ओढली, आणि तो बसला.